दक्षिण कोरियात सरकार बदललं की परराष्ट्र धोरणाचं काय होतं?

निशिगंध

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी टीव्हीवर येऊन मार्शल लॉ जाहीर केला. संसदेचं कुंपण ओलांडून आत शिरणारे खासदार आपण सगळ्यांनी पाहिले. ३०० पैकी १९० खासदार काही तासांत सभागृहात पोहोचले आणि त्यांनी मार्शल लॉ उठवण्याचा ठराव केला. त्याबद्दल बरंच लिहून आलं. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या एका मजकुराबद्दल, कारण आपल्याकडे त्याची चर्चा झालीच नाही.

विरोधकांनी महाभियोगाचा पहिला ठराव आणला, त्यात मार्शल लॉच्या आरोपांबरोबर शेवटी एक परिच्छेद होता. यून यांनी परराष्ट्र धोरणातला समतोल सोडला, उत्तर कोरिया, चीन आणि रशियाशी वैर घेतलं आणि जपानकडे झुकलेलं विचित्र धोरण चालवलं, असा त्याचा आशय. म्हणजे राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवायच्या कारणांत परराष्ट्र धोरणही! ७ डिसेंबरला सत्ताधारी पक्षाचे बहुतेक खासदार बाहेर निघून गेले आणि पुरेशी मतंच पडली नाहीत म्हणून तो ठराव बारगळला. दुसरा ठराव आणताना विरोधकांनी तो परिच्छेद गाळला. १४ डिसेंबरला २०४ मतांनी ठराव मंजूर झाला, ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाने एकमताने यून यांना पदावरून दूर केलं आणि ३ जूनच्या निवडणुकीत ली जे-म्युंग निवडून आले.

परराष्ट्र धोरण इतक्या सहज ठरावात येतं आणि तितक्याच सहज बाहेर जातं, याचं मूळ मला १९८७ च्या घटनेत दिसतं. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून, पाच वर्षांसाठी, एकदाच. दुसरी फेरी नाही, ज्याला जास्त मतं तो जिंकला. १९८७ मध्येच किम यंग-साम आणि किम दे-जुंग या दोन विरोधी नेत्यांत मतं फुटली आणि लष्करी राजवटीतले रोह ते-वू जेमतेम ३६.६ टक्क्यांवर निवडून आले. २०२२ मध्ये यून आणि ली यांच्यात फरक होता ०.७३ टक्क्यांचा. इतक्या निसटत्या कौलावर जो येतो, त्याच्या हातात पाच वर्षं परराष्ट्र धोरणाची जवळजवळ सगळी सूत्रं असतात. संसदेची मुदत चार वर्षांची, त्यामुळे दोन्ही निवडणुका क्वचितच जुळतात.

परिणाम काय होतो त्याचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे युद्धकाळातली सेनेची सूत्रं. युद्ध झालं तर दक्षिण कोरियाच्या फौजा अमेरिकी जनरलच्या हाताखाली लढणार, ही व्यवस्था कोरियन युद्धापासूनची. रोह मू-ह्युन यांनी ती सूत्रं एप्रिल २०१२ ला परत घ्यायचं ठरवलं. पुढे आलेल्या ली म्युंग-बाक यांनी तारीख डिसेंबर २०१५ वर ढकलली. त्यांच्यानंतर पार्क गून-हे यांनी तारीखच काढून टाकली आणि 'परिस्थिती अनुकूल झाल्यावर' असं ठरवलं. आपली सेना युद्धात कोणाच्या हुकमावर चालेल, यासारखा मूलभूत प्रश्न तीन राष्ट्राध्यक्षांत तीन वेळा बदलला.

आणि दुसरं उदाहरण, जे मला मनापासून अस्वस्थ करतं. जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांचा प्रश्न. २८ डिसेंबर २०१५ ला पार्क सरकारने जपानशी करार केला: एक अब्ज येन, माफी आणि हा विषय 'अंतिम व अपरिवर्तनीय' रीतीने संपला अशी भाषा. ज्या म्हाताऱ्या बायकांबद्दल हे सगळं होतं, त्यांना आधी कोणी धड विचारलंच नाही. पार्क यांच्या जागी मून जे-इन सत्तेवर आल्यावर त्या पैशातून उभी राहिलेली संस्था बंद करण्यात आली. अपरिवर्तनीय म्हटलेली गोष्ट तीन वर्षंही टिकली नाही.

माझं म्हणणं एवढंच: कोरियात निवडणुकीने परराष्ट्र धोरण उलटतं असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. घरात कोणाला न विचारता केलेला करार उलटतो. यावर तुमची मतं वाचायला आवडतील.

चौकस

विषय चांगला घेतलात. पण धोरण उलटतं हे चित्र अर्धंच आहे. अमेरिकेशी युती कोणीही मोडली नाही, मोडायचा प्रयत्नही केला नाही.

रोह मू-ह्युन यांचंच बघा. जून २००२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या चिलखती गाडीखाली दोन शाळकरी मुली चिरडल्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी लष्करी न्यायालयाने त्या गाडीवरच्या दोघा सैनिकांना निर्दोष सोडलं. सोलच्या रस्त्यांवर मेणबत्त्या घेऊन हजारो लोक उतरले आणि डिसेंबरमध्ये निवडणूक झाली. अमेरिकेपुढे झुकणार नाही म्हणणारे रोह दोन-अडीच टक्क्यांच्या फरकाने जिंकले. मग याच रोह यांनी काय केलं? इराकमध्ये एर्बिलला तीन हजारांवर सैनिक पाठवले. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार केला, जून २००७ मध्ये सह्याही झाल्या. त्यांचे स्वतःचे मतदार रस्त्यावर आले तरी ते हटले नाहीत.

तेव्हा खुर्चीवर बसल्यावर भूगोल शिकवतो. वर किम जोंग-उन, पलीकडे चीन, समोर जपान. कोणी कितीही डावा असो, त्याला वॉशिंग्टनला जावंच लागतं.

भटकी_रेवती

मी दक्षिण कोरियात, देजॉनला संशोधन करते, त्यामुळे जूनची निवडणूक जवळून पाहिली. (मला मत नाही. कायम वास्तव्याचा व्हिसा मिळून तीन वर्षं झालेल्या परदेशी लोकांना इथे फक्त स्थानिक निवडणुकीत मत देता येतं.)

सकाळी लॅबला जाताना मोठ्या चौकात उमेदवारांचे कार्यकर्ते एका रांगेत उभे असायचे. ली यांच्या डाव्या डेमोक्रॅटिक पक्षाचे निळ्या जाकिटात, यून ज्या पक्षातून आले त्या उजव्या पीपल पॉवरचे लाल, पाठीवर उमेदवाराचा क्रमांक मोठ्या आकड्यात. सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक गाडीला कमरेत वाकून नमस्कार. शेजारी ट्रकवर गाणं लावून नाच. भिंतींवर सगळ्या उमेदवारांची पोस्टर्स एका ओळीत, क्रमाने, सारख्या आकाराची. मतदान केल्यावर तिथला शिक्का मनगटावर उमटवून फोटो काढायची पद्धत आहे, आमच्या लॅबमधल्या अर्ध्या मुलांनी तो टाकला होता.

आता मुद्दा. त्या मुलांशी बोलताना परराष्ट्र धोरण हा विषय फार थोडा निघायचा. घराच्या किमती, नोकरी, मुलांसाठी सक्तीची लष्करी सेवा, आणि या वेळी अर्थातच मार्शल लॉ. परराष्ट्र धोरण येतं ते 'हा कोणाचा माणूस' या रूपात. ली यांनी मार्च २०२४ च्या प्रचारात म्हटलं होतं की चीनला उगाच कशाला डिवचायचं, 'शिए शिए' (चिनीत 'धन्यवाद') म्हणावं, तैवानलाही 'शिए शिए' म्हणावं, त्यांच्या भांडणात आपण कशाला पडा. २०२५ मध्ये विरोधकांनी तेच वाक्य पुन्हा पुन्हा काढलं. यात चीन धोरणाची चर्चा कुठे झाली? ली चीनधार्जिणे की नाही एवढंच चाललं होतं.

शिवाय प्रदेश. नैर्ऋत्येचा जोल्ला भाग डेमोक्रॅटिकचा, आग्नेयेचा ग्योंगसांग, विशेषतः देगू, उजव्यांचा. १९८० मध्ये लष्कराने ग्वांगजूत लोकांवर गोळ्या झाडल्या, ती जखम आजही मतपेटीत दिसते. २०२५ मध्येही ग्वांगजूत ली यांना ८० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. उत्तर कोरियाशी कसं वागावं याचं मत लोक बहुतेक वेळा पक्षाबरोबरच घेतात, पक्ष आधी आणि मत नंतर. हे जुन्या पिढीबद्दल. विशीतल्या मुलांना मात्र उत्तरेबद्दल आपुलकीही नाही आणि आजोबांच्या पिढीची भीतीही नाही, चीनबद्दल राग मात्र आहे. हा बदल मला पुढच्या दहा वर्षांसाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रानवाटा

रेवती, फार छान प्रतिसाद. उत्तर कोरिया आणि निवडणूक यांचा संबंध सरळ नाही, यावर थोडं लिहितो.

२९ नोव्हेंबर १९८७. कोरियन एअरचं ८५८ विमान अंदमानच्या समुद्रावर स्फोटात नष्ट झालं, ११५ माणसं गेली. बॉम्ब ठेवणारी उत्तर कोरियाची हेर किम ह्योन-हुई बहारीनमध्ये पकडली गेली. तिला सोलच्या विमानतळावर उतरवलं १५ डिसेंबरला आणि मतदान होतं १६ डिसेंबरला! तोंडावर पट्टी बांधलेली ती बाई विमानाच्या शिडीवरून खाली येतेय, हे चित्र मतदानाच्या आदल्या दिवशी देशभर टीव्हीवर दिसलं. त्याचा फायदा रोह ते-वू यांना झाला असं सर्रास मानलं जातं. मला वाटतं दोन किमांच्या भांडणाचा फायदा त्याहून मोठा होता.

तिथून पुढे मतदार शहाणा होत गेला. १० एप्रिल २००० ला किम दे-जुंग सरकारने जाहीर केलं की जूनमध्ये प्योंगयांगला शिखर परिषद होणार. फाळणीनंतरची पहिली. तीनच दिवसांनी संसदेची निवडणूक होती. इतकी मोठी बातमी देऊनही सत्ताधारी पक्ष दुसऱ्या क्रमांकावर राहिला, ११५ जागा विरुद्ध १३३. त्याच वर्षी किम दे-जुंग यांना शांततेचं नोबेल मिळालं. नंतर उघड झालं की परिषदेआधी ह्युंदाईमार्फत उत्तरेला गुपचूप कोट्यवधी डॉलर गेले होते. निशिगंध यांच्या मुद्द्याला हे उदाहरणही लागू पडतं.

मग २०१०. मार्चमध्ये चेओनान ही युद्धनौका बुडाली, ४६ नौसैनिक गेले. सरकारने मे महिन्यात उत्तर कोरियाला दोषी धरून व्यापार तोडला. २ जूनला स्थानिक निवडणुका होत्या. सगळ्यांना वाटलं उजवे झाडून जिंकणार. ते हरले. लोकांना युद्धाची भीती वाटली आणि त्यांनी सरकारला आवरलं.

याला अपवाद २०१८. १२ जूनला सिंगापूरला ट्रम्प आणि किम जोंग-उन भेटले, १३ जूनला स्थानिक निवडणुका झाल्या आणि मून यांच्या पक्षाने १७ पैकी १४ प्रांत व महानगरं जिंकली. पण तेव्हा पार्क यांच्या हकालपट्टीने विरोधी पक्ष आधीच मोडून पडला होता. पुढे ट्रम्प आणि किम यांची हानोईची बोलणी फिसकटली, जून २०२० मध्ये उत्तरेने दोन्ही कोरियांचं केसाँगचं संपर्क कार्यालय स्फोटकं लावून उडवलं, आणि त्या आशेचं काय झालं ते आपण पाहिलं.

तळेगावकर

परराष्ट्र धोरणाचा भुर्दंड कंपन्यांवर कसा पडतो हा भागही यायला हवा.

जुलै २०१६ मध्ये पार्क सरकारने थाड ही अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं जाहीर केलं. जागा ठरली सोंगजू. खरबुजासारख्या पिवळ्या फळाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेला, पार्क यांना भरभरून मतं देणारा भाग. शेकडो गावकऱ्यांनी निषेधात मुंडण केलं. लोट्टे कंपनीने आपलं गोल्फ मैदान या कामासाठी दिलं. चीनने काय केलं? लोट्टेची चीनमधली दुकानं अग्निसुरक्षेचं कारण देऊन एकामागून एक बंद करायला लावली आणि कोरियाला येणारे पर्यटकांचे गट थांबवले. लोट्टेला शेवटी तिथला सुपरमार्केटचा धंदा विकून बाहेर पडावं लागलं. निर्णय सरकारचा, नुकसान त्यांचं.

मून प्रचारात म्हणत होते, थाडचा फेरविचार करू. निवडून आले, उत्तर कोरियाने सहावी अणुचाचणी केली आणि मून यांनीच सप्टेंबर २०१७ मध्ये उरलेले चार लाँचर बसवले. आणि रेवती म्हणतात ते किती खरं आहे बघा: मे २०१७ मध्ये, एवढं आंदोलन होऊनही, सोंगजूने निम्म्याहून जास्त मतं पुन्हा उजव्या उमेदवारालाच दिली.

२०१९ मध्ये जपानने चिप आणि डिस्प्लेसाठी लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर बंधनं घातली. निमित्त होतं कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: जपानी राजवटीत सक्तमजुरी कराव्या लागलेल्या कोरियनांना जपानी कंपन्यांनी भरपाई द्यावी. आता २०२५ मध्ये अमेरिकेचं आयातशुल्क २५ वरून १५ टक्क्यांवर आणायला ली सरकारला ३५० अब्ज डॉलर गुंतवणुकीचा शब्द द्यावा लागला. सप्टेंबरमध्ये तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर छापा पडून तीनशेहून जास्त कोरियन कामगार ताब्यात घेतले गेले. साखळदंड घातलेल्या इंजिनिअरांची चित्रं पाहून कोरियात डावे-उजवे सगळेच दुखावले.

यात आपल्याला रस का असावा? रांजणगावला एलजी आहे, माणगावजवळ विळे भागाडला पोस्को आहे, आणि आमच्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. चीनमध्ये पोळल्यावर कोरियन कंपन्या दुसरीकडे जागा शोधायला लागल्या. मून यांच्या 'नव्या दक्षिण धोरणा'त भारताला पहिल्यांदा ठळक जागा मिळाली. पुढे यून यांनी ते नाव टाकून स्वतःचं हिंद-प्रशांत धोरण आणलं. नाव प्रत्येक सरकारात बदलतं, कारखाना मात्र हलत नाही.

जुना_कोल्हापूरकर

अवांतर वाटेल, पण आपला एक धागा तिथे आहे. १० मे १९४८ ला दक्षिण कोरियाची पहिली निवडणूक झाली ती संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या देखरेखीखाली, आणि त्या आयोगाचे सुरुवातीचे अध्यक्ष होते भारताचे के. पी. एस. मेनन. युद्धानंतर १९५३ मध्ये मायदेशी जायला नकार देणारे युद्धकैदी सांभाळायला भारतीय फौज गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतावर इतके चिडलेले होते की भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही असं त्यांनी बजावलं. म्हणून आपल्या जवानांना बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. त्याआधी जूनमध्ये याच ऱ्हींनी शस्त्रसंधी होऊ नये म्हणून सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले होते. अमेरिकेलासुद्धा तोंडघशी पाडायची ही सवय तिथल्या राजकारणात जुनी आहे.

चौकस

कोल्हापूरकर, उत्तम माहिती. थोरातांच्या कामगिरीवर स्वतंत्र धागा काढा.

निशिगंध, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. न विचारता केलेलं उलटतं म्हणता, पण विचारत बसलं तर जपानशी काही करताच येणार नाही. यून यांनी मार्च २०२३ मध्ये ठरवलं की सक्तमजुरीची भरपाई जपानी कंपन्यांनी दिली नाही तरी कोरियातल्या निधीतून देऊ. लोकांचा विरोध होता, पीडितांपैकी काहींनी पैसे नाकारले. पण दहा दिवसांत यून टोकियोत होते आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला अमेरिका, जपान आणि कोरिया एकत्र बसले. पुन्हा निवडणूक लढवायचीच नसेल तर असं धाडस करता येतं. २०१५ च्या करारातही हयात स्त्रियांपैकी बऱ्याच जणींनी पैसे स्वीकारले होते, हेही सांगायला हवं.

निशिगंध

चौकस, पैसे स्वीकारले हे खरं आहे आणि तो त्यांचा हक्कच होता. माझा आक्षेप सरकारने 'विषय संपला' असं त्यांच्या वतीने लिहून देण्यावर आहे. नव्वदीला आलेल्या बाईला वर्तमानपत्रातून कळावं की तुझ्या तक्रारीचा निकाल लागला, हे मला कुठल्याही युतीसाठी मान्य होणार नाही.

पण तुमच्या धाडसाच्या मुद्द्याला एक पुढचा भाग आहे. यून यांच्या त्या धोरणाची किंमत त्यांच्या पक्षाने मोजली. एप्रिल २०२४ च्या संसदीय निवडणुकीत पक्ष १०८ जागांवर आला. महागाई आणि पत्नीवरचे आरोप ही मोठी कारणं होती हे कबूल, पण विरोधकांच्या हाती जपानचाही मुद्दा होता.

आणि आता ली. ऑगस्ट २०२३ मध्ये याच ली यांनी उपोषण सुरू केलं होतं. मागण्यांत जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पाचं पाणी समुद्रात सोडण्याला सरकारने विरोध करावा हीसुद्धा होती. उपोषण तीन आठवड्यांहून जास्त चाललं, त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच ली राष्ट्राध्यक्ष म्हणून वॉशिंग्टनच्या आधी टोकियोला गेले, तेव्हाचे जपानी पंतप्रधान इशिबा यांना भेटले, आणि २०१५ चा करार किंवा यून यांची भरपाईची योजना उलटवणं योग्य नाही असं जपानी वृत्तपत्राला सांगितलं. उत्तरेबाबत मात्र त्यांनी लगेच दिशा बदलली: जूनमध्येच सीमेवरचे उत्तरेकडे प्रचार करणारे भोंगे बंद केले, आणि यून यांनी स्थगित केलेला उत्तरेशी झालेला २०१८ चा लष्करी करार टप्प्याटप्प्याने पुन्हा लागू करू म्हणाले.

म्हणजे डाव्या राष्ट्राध्यक्षाने उजव्याचा जपानविषयक निर्णय राखला. मला हे खरोखर आश्वासक वाटतं, कारण ज्या पक्षाकडून तो निर्णय उलटण्याची भीती होती त्याच पक्षाने तो स्वीकारलाय.

भटकी_रेवती

हे इथे अनेकांना पटलेलं नाही, विशेषतः पीडितांच्या बाजूने वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना. त्यांच्या दृष्टीने ली यांनी पाठ फिरवली. पण ट्रम्प यांच्यासमोर एकटं उभं राहायचं नसेल तर जपान लागतो, हे आमच्या लॅबमधल्या कट्टर डेमोक्रॅटिक मुलांनाही कळतं.

एक प्रश्न: ली यांनी प्रचारात घटनादुरुस्तीचं आश्वासन दिलं होतं, चार वर्षांच्या सलग दोन मुदती आणि दुसऱ्या फेरीचं मतदान. ते झालं तर परराष्ट्र धोरण स्थिर होईल असं वाटतं का?

निशिगंध

दुसऱ्या फेरीने नक्कीच फरक पडेल. निम्म्याहून जास्त मतं घेऊन आलेल्या माणसाच्या सहीला बाहेरही वजन येतं. लोकशाहीनंतर ५० टक्के ओलांडून थेट निवडून आलेल्या एकट्या पार्क गून-हे, ५१.६ टक्के. ली यांनाही ४९.४ च मिळाली.

दुसऱ्या मुदतीबद्दल मला शंका आहे. चौकस म्हणतात ते धाडस तिथेच कमी होईल. चार वर्षांनी मतं मागायची असतील तर यून किंवा ली, दोघांनीही जपानबाबत जे केलं ते पहिल्या मुदतीत कोणी करणार नाही, आणि उत्तरेशी बोलणी निवडणुकीच्या तारखा बघून ठरतील. शिवाय दुरुस्तीला संसदेत दोन तृतीयांश मतं आणि मग सार्वमत लागतं, म्हणजे पीपल पॉवर पक्षाला सोबत घेतल्याशिवाय ती होत नाही. आणि घटनेच्या १२८ व्या कलमानुसार मुदत वाढवणारी दुरुस्ती ती मांडली गेली तेव्हा पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला लागू होत नाही, त्यामुळे ली यांना स्वतःला तिचा काहीच उपयोग नाही.